जंगलात गेलेली मयाल

त्या वर्षी तेंदूपत्त्याचा हंगाम चांगला चालला होता. पारशिवनीच्या पुढे, जंगलाला चिकटून आमचं गाव आहे. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पानं तोडायची, घरी आणून त्यांचे पुडे बांधायचे आणि ऊन कललं की फडावर नेऊन वाळत घालायचे, हे आमचं दरसालचं काम. फड म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. चार वाजता अख्खं गाव तिथे असतं. म्हातारी माणसं, लेकरं, सगळी. त्या दिवशीही होती. म्हणून त्या वादळात आमच्या गावात कोणी मेलं नाही. देवानं वाचवलं असं लोक म्हणतात. मी म्हणते, पानांनी वाचवलं.

वावटळ आम्हाला नवी नाही. उन्हाळ्यात रोज एखादी वावरातून गोल फिरत जाते, थोडा पाचोळा आणि एखादी प्लास्टिकची पन्नी उचलते, पोरं तिच्याकडे पाहून थुंकतात आणि ती संपते. ही तशी नव्हती. आधी वारा एकदम बंद पडला. बकऱ्यांनी चरणं थांबवलं. मग डोंगराच्या बाजूला काळ्या ढगाची एक शेपूट खाली लोंबायला लागली आणि पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायला लागला. गिरणी मात्र आभाळात.

माझी धाकटी जाऊ माझ्याशेजारी पुडे मांडत होती. ती उठून उभी राहिली.

"काहून वं बाई, रेल्वे कुठून येऊन राहिली?"

"आपल्या गावात रेल्वे कधी आली होती? पड खाली!"

फडाच्या बाजूला कोरडा नाला आहे. आम्ही सगळे त्यात उड्या मारून पालथे पडलो. जाऊ माझ्या अंगावर पडली. ती चांगली जाडजूड बाई आहे. वादळानं मला काहीच केलं नाही, पण तिच्या कोपरानं माझी बरगडी महिनाभर दुखली. ती अजून सांगते की तिनं मला झाकून वाचवलं. मी तिला तसं सांगू देते.

मी मान वाकडी करून वर पाहिलं. फडावर मांडलेले सगळे पुडे उठले होते. बांधलेले सुटले आणि पानं पानं होऊन वर चढली. इतकी पानं, की थोडा वेळ आभाळ हिरवं दिसलं. डोळ्यांत माती गेली म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा वादळ गेलं होतं. सगळं मिळून विडी ओढायला लागतो तेवढा वेळ.

नाल्यातून बाहेर येऊन जंगलाकडे पाहिलं. न्हाव्यानं डोक्याच्या मधोमध वस्तरा फिरवावा तसा एक पट्टा डोंगरापासून आमच्या गावापर्यंत सरळ निघाला होता. पट्ट्याच्या बाहेर एक पान हललं नव्हतं. पट्ट्याच्या आत एक झाड उभं नव्हतं. साग कमरेतून मोडले होते, काही तर पिळलेल्या लुगड्यासारखे पिळले होते. मोहाची झाडं मुळासकट पडून त्यांच्या जागी खड्डे झाले होते. बांबूचं रान तर जणू कोणी बसून दाबल्यासारखं झोपलं होतं.

तो पट्टा आमच्या गावाच्या वरच्या टोकावरून गेला. अकरा घरांवरून. त्यात माझं एक आणि जावेचं एक.

माझ्या घराच्या भिंती उभ्या होत्या. वर काही नव्हतं. छपराचे कवेलू नाहीत, फाटे नाहीत, बांबू नाही. चुलीपाशी उभं राहून पाहिलं तर सरळ आभाळ. आणि अंगणात तारेवर वाळत घातलेलं माझं लुगडं चिमट्यासकट जागेवर लोंबत होतं. जावेची एक कोंबडी अंगावरचं एकही पीस न राहता फिरत होती आणि नेहमीसारखी दाणे टिपत होती. ती पुढे दोन वर्षं जगली. तिला पिसं परत आली, पण पांढरी आली.

मुलगा आणि सून दुसऱ्या दिवशी सकाळीच नागपूरहून आले. मुलगा एका कचेरीत बाबू आहे आणि जरीपटक्याकडे तिसऱ्या माळ्यावर राहतो. त्याचे वडील गेले तेव्हापासून तो मला तिकडे न्यायला पाहतो. मी एकदा पंधरा दिवस जाऊन राहिले होते. मी पहाटे चारला उठून भांडी घासते, सुनेला सात वाजेपर्यंत झोप लागते. मी गॅलरीत शेणाचा सडा घातला, तर खालच्या माळ्यावरचे लोक भांडायला आले. शेण मी कुठून आणलं, हे सून अजून विचारते. ती वाईट नाही. मीही वाईट नाही. पण त्या पंधरा दिवसांत दोघींचं वजन उतरलं.

मुलानं घराच्या आत उभं राहून वर पाहिलं आणि म्हणाला, "झालं आई. आता सामान बांध. नागपूरले चाल."

"कोणतं सामान? होतं ते जंगलात गेलं."

"मस्करी नको करू. पावसाळा तोंडावर आला. बिनछपराच्या घरात तू राहशील काय?"

"छप्पर करून घेतो म्हटलं की होते."

"कोणापासून करून घेते? अकरा घरं पडली. सुतार एक."

तो एक सुतार तिथेच उभा होता. त्यानं भिंतीला लाथ मारून पाहिली, कोपरे पाहिले आणि सांगितलं की भिंती पक्क्या आहेत. बांबू होईल. कवेलू गावातल्या दोन पडीक घरांवरून उतरवता येईल. पण मयाल पाहिजे.

मयाल म्हणजे दोन भिंतींवर आडवी टाकलेली जाड तुळई. तिच्यावर सगळं छप्पर बसतं. माझी मयाल चांगल्या जुन्या सागाची होती, दोन हातांच्या कवेत न मावणारी. तसा साग आता बाजारात मिळत नाही, आणि मिळाला तर आमच्यासारख्यांना मिळत नाही.

"मयाल सापडली तर चार दिवसांत छप्पर," सुतार म्हणाला. "नाही सापडली तर आजी, तुम्ही पोरासंगं जा."

मुलानं लगेच तेच धरलं. "रविवारपर्यंत माझी सुट्टी आहे. रविवारी मयाल भिंतीवर चढली तर राहा. नाही चढली तर संध्याकाळी गाडीत बसायचं. मग तोंड वाकडं करायचं नाही."

"बरं," मी म्हटलं.

सून पुढे आली. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "आई, तुमची मयाल सापडलीच पाहिजे."

अकरा वर्षांत ती माझ्याशी इतक्या मनापासून कधी बोलली नव्हती.

त्याच दिवशी पोलीस पाटलानं सगळ्यांना जमवलं. त्याचं म्हणणं असं की जंगलखात्याचे लोक पडलेली झाडं मोजायला येतील आणि आपल्या घरांची लाकडंही त्यातच मोजून नेतील. तेव्हा ते येण्याआधी प्रत्येक घरानं जंगलात जाऊन आपापलं लाकूड शोधावं आणि त्यावर खूण करावी. खूण कसली करायची? भिंती रंगवायला कालवलेला चुना सगळ्यांकडे होता. लग्नात, वास्तूला दारावर हात उमटवतो तसा चुन्यात हात बुडवून लाकडावर उमटवायचा, असं बायकांनी ठरवलं.

आम्ही वीस-बावीस बायका चुन्याची घमेली घेऊन त्या पट्ट्यात शिरलो. हसत-खिदळत गेलो. घरं पडली होती आणि आम्ही हळदीला निघाल्यासारख्या निघालो. दरवाजे सापडले, चौकटी सापडल्या, कोणाची बाज झाडावर अडकलेली सापडली. कोणाची सासू सापडली नाही म्हणून एकीनं खेद केला. तिची सासू मागेच होती.

माझी मयाल दोन फर्लांग आत एका पडलेल्या मोहाला टेकून सापडली. अखंड होती. मी हात बुडवला आणि चांगला दाबून उमटवला. माझी उजव्या हाताची करंगळी लहानपणी विळ्यानं तुटली, ती अर्धीच आहे. त्यामुळे माझा हात दुसऱ्या कोणाचा म्हणून जात नाही.

इथवर ठीक होतं. पण घमेल्यात चुना उरला होता आणि बाजूला चांगले सरळ साग पडलेले होते. पहिला हात कोणी मारला ते मला माहीत नाही. एकीनं मारला, दुसरी म्हणाली तू मारला तर मी काहून नाही, आणि मग चुना संपेपर्यंत सगळ्यांनी मारले. मीही दोन सागांवर मारले. खोटं कशाला बोलू?

गार्ड दुपारी आला. कुहीकडचा तरुण माणूस, धानाच्या मुलखातला, बोलायला मऊ. त्यानं पट्ट्यात पाऊल टाकलं तर जंगलभर पांढरे हात. सागावर हात, ऐनावर हात, मोडलेल्या बुंध्यावर हात. तो बराच वेळ टोपी काढून उभा होता. मग त्यानं आम्हाला बोलावलं.

"आजी, या मयालीवरचा हात कोणाचा?"

"माझा."

तो मला दहा पावलं पुढे घेऊन गेला. "अन् हा?"

मी पाहिलं. अर्धी करंगळी.

"तोही माझाच दिसते."

"हा साग तुमच्या घरात लावला होता काय?"

"चुना उरला होता गा."

मागे बायका हसायला लागल्या. तो हसला नाही. त्यानं वहीत लिहिलं आणि सांगितलं की आता कोणी एकही काडी हलवायची नाही. कोणतं लाकूड घराचं आणि कोणतं जंगलाचं, हे हातांवरून आता ठरत नाही. साहेब येतील, पंचनामा होईल, मग पाहू.

"साहेब कधी येतील?"

"आठ-पंधरा रोजात."

"मले रविवारपर्यंत पाहिजे."

"काहून?"

"नाही तर नागपूरले जा लागते."

"लोक नागपूरले जासाठी मरतात, आजी."

"मग तू जा माझ्या पोराच्या घरी. मी इथं तुझी शिटी वाजवत फिरते."

आता तो हसला. पण मयाल हलवू दिली नाही. "सागाचं लाकूड जंगलातून न्यायचं म्हणजे पास लागते, आजी. माझ्या हातात नाही."

"जंगलात आली तेव्हा तिले कोणी पास विचारली नाही."

"येताना मी ड्यूटीवर नव्हतो," तो म्हणाला. गार्ड चांगला होता. चूक आमची होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण कळून मयाल हलत नव्हती.

घरी आल्यावर मुलगा खूश दिसत होता. त्यानं तसं दाखवलं नाही, पण तो माझाच मुलगा आहे. "पाह्य आई, सरकारी काम आहे. जाऊ दे आता," असं म्हणत त्यानं माझी ट्रंक पुसून ठेवली.

सुनेनं ती ट्रंक ओढली आणि तिच्यावर कागद ठेवून अर्ज लिहायला बसली. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे. लिहून झाल्यावर तिनं मला वाचून दाखवला. सुरुवात नेहमीची होती. मधे असं होतं : "माझ्या सासूबाईंनी याच घरात राहणे अत्यंत आवश्यक आहे." अत्यंतच्या खाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या.

"एक रेघ पुरे होती," मी म्हटलं.

"नाही आई. दोन पाहिजेत," ती म्हणाली.

मुलाला शेजारी बसवून तिनं स्वतः गाडी चालवत पारशिवनी गाठली. पहिल्या दिवशी अर्ज देऊन परत आली. दुसऱ्या दिवशी एकटी गेली. दुपारी आली तेव्हा तोंड उन्हानं लाल झालेलं होतं आणि ती उभ्यानं लोटाभर पाणी प्यायली.

"काय झालं वं?"

"साहेब जेवायला गेले होते. मी दारात बसले. जेवून आले तर लगेच मीटिंगला निघाले. मी गाडी त्यांच्या जीपसमोर आडवी लावली."

"मग?"

"मग ते म्हणाले, बाई, एका तुळईसाठी एवढं काय? मी म्हटलं, साहेब, तुमच्या घरी आई आहे का? म्हणाले आहे. मी म्हटलं, बायको आहे का? म्हणाले आहे. मी म्हटलं, दोघी एकाच घरात आहेत का? मग म्हणाले, शनिवारी येतो."

मुलगा बाजेवर बसून हे ऐकत होता. तो एकदा माझ्याकडे आणि एकदा बायकोकडे पाहून चपला घालून बाहेर निघून गेला.

शनिवारी साहेब आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात जाड रजिस्टर. गार्ड, पोलीस पाटील, सुतार, आमचं घरचं सगळं आणि अर्धं गाव त्याच्या मागे जंगलात. मयाल पडली होती तशीच होती, खालचं अंग जमिनीला.

साहेबानं तिच्याभोवती एक फेरा मारला. "हात आहे, पण हात सगळीकडेच आहेत," तो म्हणाला. "आजी, ही तुमच्या घरची असेल तर हिच्या खालच्या अंगाला काय आहे ते सांगा. आधी सांगा. मग पालटवू."

हे मला सोपं होतं. मी म्हटलं, "मधोमध पाळण्याची लोखंडी कडी आहे. जंगलात कडी उगवत नाही. कडीच्या बाजूला मी खिळ्यानं कोरून लिहिलं आहे."

"काय लिहिलं आहे?"

मी चौथीपर्यंत शिकले. घरात कागद टिकत नव्हता. पोरं फाडायची, उंदीर खायचे. म्हणून जे लक्षात ठेवायचं ते मी बाजेवर चढून मयालीवर लिहून ठेवत असे. साहेबाला मी एकेक सांगत गेले. म्हैस दिवाळीला व्याली, पारडी झाली. मुलगा तान्ह्या पोळ्याला झाला. कोंबडी रथसप्तमीला अंड्यांवर बसवली. मुलगी होळीच्या आदल्या दिवशी झाली. गाय आखाडीला व्याली, गोऱ्हा.

"कोंबडी बी?" मुलगा मधेच म्हणाला.

"तिचे एकवीस दिवस मोजा लागतात. तुझे मोजायचं काम नव्हतं, तू आपोआप आला."

सहा माणसांनी दोरखंड लावून मयाल पालटवली. कडी होती. बाकी सगळं काळं. तीस-पस्तीस वर्षं खाली चूल पेटत होती, तिची काजळी बोटभर बसली होती. साहेबानं रुमालानं घासायला घेतलं. रुमाल वाया गेला, मग गार्डानं पाला घेऊन घासलं. हळूहळू अक्षरं निघाली. माझं अक्षर मोठं आणि वाकडं आहे, पण वाचता येतं.

साहेब वाचायला लागला. "म्हैस व्याली. दिवाळी. पारडी." मग थोडं खाली वाकून, "मुलगा. तान्हा पोळा."

मुलगा पुढे झाला. "म्हशीचं नाव माझ्या वरतं?"

"ती आधी व्याली."

"अन् तिचं अक्षर माझ्याहून मोठं काहून?"

"तेव्हा खिळा नवा होता."

बायका लोळायच्या बाकी राहिल्या. साहेबही हसत होता, पण पुढे वाचत होता. कोंबडी निघाली. गाय निघाली. मग तो थांबला, आणखी थोडं घासायला लावलं, पुन्हा पाहिलं.

"आजी, मुलगी नाही."

मी वाकून पाहिलं. खरंच नव्हती. होळीचं काही लिहिलेलंच नव्हतं. मुलगी तर झाली होती. ती आता रामटेकला नांदते. मी लिहिलंही होतं, हातात खिळा धरल्याचं मला आठवत होतं. साहेबानं रजिस्टर मिटलं नाही, पण पेनाचं टोपण लावलं. मुलाच्या तोंडाकडे मी मुद्दाम पाहिलं नाही.

तेव्हा मागून जाऊ ओरडली. "अवं बाई, ते माझ्या घरी लिहिलं वं!"

"तुझ्या घरी काहून लिहीन?"

"त्या वक्ती तुझ्या घराची जमीन उकरली होती. पोरगी माझ्या घरात झाली. तू माझ्याच बाजेवर चढून लिहिलं. मी म्हटलं, माझी मयाल कायले खराब करते, तर तू म्हणाली, तुले वाचता येते काय, गप राय."

मला आठवलं. अगदी तसंच म्हणाले होते.

जावेची मयाल पन्नास पावलांवर पडली होती, दोन तुकडे झालेली. आम्ही सगळे तिकडे गेलो. तुकडे पालटवले, घासले. लांब तुकड्यावर निघालं : "मुलगी. होळीच्या आदल्या दिवशी." त्याच्या खाली जावेच्या तीन पोरांच्या तारखा, तिनं सांगितलेल्या आणि मी कोरलेल्या.

साहेबानं पेनाचं टोपण काढलं. "दोन्ही तुळया घरच्या," तो म्हणाला आणि रजिस्टरात लिहिलं. मग गार्डाला सांगितलं की बाकीच्या घरांचंही असंच पाहायचं. आधी खूण सांगायची, मग पालटवायचं. बऱ्याच जणांचं निघालं. कोणी पितळी पत्रा ठोकला होता, कोणाच्या चौकटीला गणपती होता, एकाच्या दारावर त्याच्या बापानं मारलेल्या कुऱ्हाडीचा घाव होता. तो घाव का मारला हे सांगताना त्याच्या आईनं त्याला गप्प केलं.

पास लिहून झाली. मी ती घ्यायला हात पुढे केला, तर साहेबानं मागे घेतली.

"एक काम राहिलं, आजी. त्या दोन सागांवरचे हात धुवून द्या. आणि हे सगळ्या बायांना. माझ्या जंगलात एकही हात राहिला तर एकही लाकूड हलणार नाही."

असं झालं की शनिवारची अर्धी दुपार आमच्या गावच्या बायका बादल्या आणि नारळाच्या काथ्या घेऊन जंगलात पडलेली झाडं धूत होत्या. गार्ड शिटी घेऊन फिरत होता आणि हात दिसला की वाजवत होता. सून माझ्यासोबत होती. तिनं एक साग धुतला, मी एक धुतला. चुना वाळला की सहज निघत नाही.

"इतकी भांडी तर मी नागपूरले बी नाही घासली," मी म्हटलं.

"घासली आई. पहाटे चारला. मी जागी असायची."

"मग उठून का नाही आली?"

"तुम्ही हाकलून दिलं असतं."

ते खरं होतं. आम्ही घासत राहिलो.

रविवारी सकाळी वीस माणसांनी मयाल खांद्यावर घेतली. पडलेल्या झाडांमधून, खड्डे चुकवत, दर शंभर पावलांवर खाली ठेवत आणली. जावेच्या मयालीचा लांब तुकडा तिच्या घराच्या अर्ध्या भागाला पुरत होता. तिनं घर अर्धं केलं आणि उरलेल्या जागेत वांगी लावली. ती म्हणते तिला तेच आधीपासून पाहिजे होतं.

भिंतीला बल्ल्या तिरप्या लावून, दोरानं ओढत मयाल चढवायला दुपार झाली. सुतार वर बसून ओरडत होता, खालून सगळे त्याच्यावर ओरडत होते. एकदा दोर सुटला आणि सगळे पळाले. मी पळाले नाही म्हणून मुलगा मला ओढायला आला आणि स्वतः घमेल्यात पडला. चार वाजायच्या आत ती भिंतीवर जाऊन बसली, जिथे आधी होती तिथेच. खाली चूल, वर कडी.

मुलगा खाली उभा राहून पाहत होता. त्याच्याजवळ आता म्हणायला काही उरलं नव्हतं, पण बाबू माणूस, तपासल्याशिवाय सही करणार नाही.

"पक्की बसली का?" त्यानं सुताराला विचारलं.

"तुम्हीच पाहा ना साहेब."

तो बाजेवर चढला, उडी मारून मयालीला लोंबकळला आणि पाय वर घेऊन झोके खाल्ले. एक, दोन, तीन. मयाल तसूभर हलली नाही. मग काजळीनं त्याचे हात घसरले आणि तो नागपूरच्या पँटीसकट धपकन जमिनीवर बसला. दोन्ही तळहात काळे, तोंडाला एक पट्टा.

सगळ्यात आधी सून हसली.

"झालं ना चेक करून? उठा, गाडी काढा. अंधार व्हायच्या आत घरी पोहोचायचं आहे."

तो उठला, हात पँटीला पुसायला गेला, मग थांबून भिंतीला पुसले. माझ्याकडे पाहिलं.

"राय मग," तो म्हणाला.

"मी तुले विचारून राहणार नव्हतो," मी म्हटलं. "तो कोपऱ्यातला दगड दे इकडे. या टोकाले एक पाचर ठोका लागते."

त्यानं दगड दिला आणि वर चढून पाचरही त्यानंच ठोकली. वाकडी ठोकली. ते गेल्यावर मी सुताराला सांगून सरळ करून घेतली.